पडद्यावर ठेवलेला हात

शेजारच्या मार्थाकाकूंकडे टीव्हीवर प्रवचन चालू होतं. चकचकीत सुटातले पाळक सांगत होते, दान पाठवा, देव बंगला देईल, गाडी देईल. त्यांना स्वतःला दोन्ही मिळालेलं दिसत होतं. मग ते म्हणाले, "एक हात पडद्यावर ठेवा, दुसरा आजाऱ्यावर."

काकूंनी पडद्यावर हात ठेवला. पण अर्धांगवायू झालेले काका पलंगावर होते आणि काकूंचा दुसरा हात तिथवर पोचेना.

"तू मध्ये उभा राहा रे."

"काकू, माझा यावर विश्वास नाही."

"वायरचा तरी कुठे असतो? धर हात."

मी एका हाताने काकूंचा आणि दुसऱ्याने काकांचा लुळा हात धरला. हसू येईल असं वाटलं होतं. काकूंनी माझा हात घट्ट आवळून धरला होता, त्यामुळे ते आलं नाही.

आमेन झालं, कुकरची जाहिरात लागली. काकांची बोटं हलली नाहीत.

"पुढच्या रविवारी बघू," म्हणत काकू चहा टाकायला गेल्या.

पडद्यातून काही येत नसतं, याबद्दल मला शंका नव्हती. तरी ते माझ्यापाशीच अडलं की काय, असं वाटत राहिलं, आणि काकांचा हात सोडावा की धरून ठेवावा, हे कळेना.