सासूबाईंच्या गुळण्या

माझ्या सासूबाईंचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन तोंड धुण्याच्या मुद्द्यावरून अडलं.

त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती. परतवाड्याहून अमरावतीला येताना गाडीत त्यांनी दोन संत्री सोलून खाल्ली आणि माझ्या नवऱ्याला, म्हणजे सुनीलला, तो ब्रेक उशिरा मारतो म्हणून तीनदा सुनावलं. दवाखान्यात भरती होतानाही त्या शांत होत्या. गोंधळ सिस्टरच्या फॉर्मपासून सुरू झाला.

"कवळी, हलणारा दात, बसवलेला दात?" सिस्टरने विचारलं.

"एकही नाही," मी सांगून टाकलं. (प्रश्न पेशंटला होता. पण मी शाळेत शिकवते, उत्तर माहीत असलं की मला थांबता येत नाही.) "अडुसष्टाव्या वर्षी सगळे दात स्वतःचे. रोज कडुलिंबाची काडी. आमच्या घरी मुलांनाही मी तीच लावलीय."

आईंनी मान हलवली. बाबा, म्हणजे माझे सासरे, खिडकीबाहेरचं पार्किंग बघत म्हणाले, "सिस्टर, तिले एकटीले इचारा ना."

म्हाताऱ्या माणसांना उगाच बोलायची सवय असते, असं मला वाटलं. सिस्टरने "नाही"वर खूण केली आणि गुलाबी औषधाची बाटली माझ्या हातात दिली. संध्याकाळी ब्रश करून अर्धा मिनिट या औषधाची चूळ, सकाळी परत तसंच. गिळायचं नाही, वरून पाणी घ्यायचं नाही. "भूल देताना तोंडातून नळी टाकतात," ती म्हणाली. "तोंडातले जंतू छातीत उतरले तर न्यूमोनिया होतो. समोर उभं राहून करून घ्या."

समोर उभं राहणं मला फार छान जमतं. पण संध्याकाळी आई ब्रश घेऊन बाथरूममध्ये गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.

"आई, दार उघडा. मला बघायचंय."

"काय पायतं त्याच्यात? मी काय पयल्यांदा तोंड धुऊन राहिली?"

मी दाराला कान लावला. नळाचा आवाज येत होता, चूळ भरल्याचा नाही. पाच मिनिटांनी त्या ओठ मिटून बाहेर आल्या आणि झालं अशी मान हलवली.

सकाळी सिस्टर स्वतः ट्रे घेऊन आली. "आजी, माझ्यासमोर." आईंनी नाही म्हणून मान हलवली. मग भुलीचे डॉक्टर आले. "मावशी, तोंड उघडा बरं, नळीचा अंदाज घेतो." आईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. डॉक्टरांनी परत विनंती केली, तेव्हा हातांच्या आडूनच उत्तर आलं, "मले नाही करायचं ऑपरेशन. राहू द्या खडे."

रक्तदाब मोजला तर वाढलेला. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं बघतो, नाहीतर पुढचा पेशंट घेतो आणि यांना परत तारीख देतो. गेल्या महिन्यात याच खड्यांनी आईंना दोन दिवस गडाबडा लोळवलं होतं. सुनीलचा चेहरा उतरला. बाबा काहीतरी बोलायला गेले, पण मी दोघांनाही बाहेर काढलं. म्हटलं, हे बायकांचं काम आहे, मी समजावते.

आणि मी समजावलं. फुफ्फुसं कशी असतात, श्वासनलिका कुठे असते, जंतू कसे वाढतात, सगळं. फळा नव्हता, म्हणून चादरीवर बोटाने काढून दाखवलं.

"मोनाली," आई शेवटी म्हणाल्या, "तू तुह्यं तोंड बंद कर, मंग माह्यं उघडन."

मी गप्प झाले. त्यांनी दाराकडे पाहिलं, तोंडात दोन बोटं घातली आणि वरचे पुढचे चार दात काढून माझ्या हातावर ठेवले.

त्यांचा चेहरा एकदम लहान झाला होता. भावाच्या स्कूटरवरून पडल्या होत्या, अकरा वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाआधी. आजारी बहिणीचं निमित्त सांगून अकोल्याला पंधरा दिवस राहिल्या आणि दात बसवूनच घरी आल्या.

"कोणाले सांगू नको," त्या म्हणाल्या. बिनदातांचे शब्द हवेसारखे येत होते. "यायले तर बिलकुल नाही. यायनं माहे दात पाहूनच लग्नाले हो म्हणलं होतं."

मी शपथ घेतली. आईंनी बेसिनपाशी ब्रश केला आणि अशी खणखणीत चूळ भरली, की सिस्टर न बोलावता आत आली. मी तिच्या कानात सगळं सांगितलं. तिने फॉर्ममध्ये दुरुस्ती केली आणि दात ठेवायला झाकणाची डबी दिली. ती डबीवर नाव लिहायला लागली, तर मी नको म्हटलं. घरच्यांनी वाचलं तर? मी स्वतः सांभाळते.

स्ट्रेचर निघालं तेव्हा आईंनी चादर नाकापर्यंत ओढली. "थंडी वाजतेय त्यांना," मी बाबांना सांगितलं. मे महिना होता.

दीड तास आम्ही बाहेर बसलो. बाबांनी एकदाच विचारलं, "काढलं ना सगळं? बांगड्या... अन् बाकीचं?"

"सगळं काढलं, बाबा," मी म्हटलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बाटलीत नऊ खडे दाखवले. आई शुद्धीवर येत होत्या, म्हणजे आता दात हवे होते. मी पर्स उघडली. रुमाल होता, चष्मा होता, गाडीची चावी होती. डबी नव्हती. मी पर्स मांडीवर उलटी केली, तरी नव्हती.

तेवढ्यात वॉर्डचं दार उघडलं आणि ड्युटीवर आलेल्या दुसऱ्याच सिस्टरने वीस माणसांसमोर डबी उंच धरली. "कवळीवाल्या आजींचे नातेवाईक कोण? बेसिनवरच राहिली."

शपथ ती शपथ. मी मान खाली घालून पर्समध्ये शोधत राहिले. शेजारी खुर्ची सरकली. मग दुसरी. वर पाहते तर बाबा आणि सुनील, दोघं एकदमच दाराशी पोहोचले होते आणि एकमेकांकडे बघत होते.

बाबांनी डबी घेऊन खिशात टाकली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि सिस्टरला म्हणाले, "हळू बोला ना बाई. आमच्या सुनेले माहीत नाही."