पँट फाडून रचलेला अपघात

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा ठाणेदार होतो. दुपारी दवाखान्यातून वर्दी आली: दुसरबीड रस्त्यावर मोटारसायकल घसरून तिशीतला माणूस बेशुद्ध. आणणारा त्याचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, ट्रॅक्टर चालवणारा. मी पोहोचलो तेव्हा डॉक्टर डोक्याचा मार शोधत होते आणि रुग्णाचा श्वास मंदावत चालला होता.

पँट गुडघ्यावर फाटलेली, आत गुडघा मात्र कोरा. तळहातावर ओरखडा नाही. माझं आयुष्य अपघातांचे पंचनामे करण्यात गेलं. पडणारा माणूस आधी हात टेकतो.

साळ्याला बाजूला घेतलं. "अपघात कुठं झाला बे?"

"वळणावर."

"कोणत्या?"

तो माझ्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "ॲक्सिडेंटवाल्याले आणलं तर पोलीस काई करत नाई ना, सायेब?"

तेव्हा उलगडा झाला. जखम नाही, श्वास मंद: हा अपघात नव्हता, नशा जास्त झाली होती. अपघातग्रस्ताला आणणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, हे या गड्याने कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्याने चक्क अपघात रचला! अरे, ही अक्कल पाजळण्यात माणूस जात होता की! पण चिडणार कोणावर? व्यसनी स्वतः उपचाराला गेला तर कायदा थोडी सवलत देतो. नशेत बेशुद्ध पडलेल्याला उचलून आणणाऱ्यासाठी एक ओळ नाही.

"काय घेतलं ते सांग. डॉक्टरांना कळलं तरच तो वाचेल."

"सांगतलं तर मले आत टाकसान?"

मी रुग्णाकडे बोट दाखवलं. त्याने खाटेकडे पाहिलं. "जवाई हायेत आमचे," म्हणाला आणि खिशातून इंजेक्शनची कुपी काढून दिली. "दोघांनंबी घेतलं."

डॉक्टरांनी नाव वाचून लगेच उतारा दिला. थोड्या वेळात जावयाने डोळे उघडले. त्याच कुपीचा मी पंचनामा केला आणि साळ्याला अटक केली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला मात्र स्वतःची लाज वाटली.

पुढच्या हंगामात त्या साळ्याच्याच गावात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, एक माणूस नशेने मेलेला सापडला. सोबती पळालेला. दोन दिवसांनी तो हाती लागला.

"फोन काऊन नाई केला?" मी ओरडलोच.

"मागच्या खेपी दवाखान्यात नेणाऱ्याचं काय झालं, ते गावानं पाह्यलं ना सायेब."

लोक कायद्याची पुस्तकं वाचत नाहीत. बेड्या कोणाला पडल्या, ते पाहतात. त्या गावाला हा धडा मीच दिला होता.