फौजीचा संसार

लेकीच्या मनात बापाची पहिली आठवण होती ती एका परक्या माणसाची. ती लहान असताना एक मिशाळ गडी ट्रंक घेऊन घरात शिरला आणि खुशाल आईच्या शेजारी जाऊन बसला. काही दिवस तिनं चालवून घेतलं. मग सगळ्यांदेखत आईला विचारलं, "हे पाहुणे जाणार कधी?" घरात हशा पिकला. बाबाही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

फौजेत त्यांचं काम पूल बांधण्याचं. नदी आडवी आली की लोखंडी पूल उभा करायचा, गाड्या पार झाल्या की मोडून पुढं न्यायचा. त्यातच डाव्या हाताची दोन बोटं गेली. सुटून घरी आले ते खूणगाठ बांधूनच, आता घर सोडायचं नाही. लांब पल्ल्याच्या ट्रकवर चांगलं काम चालून आलं होतं, त्याला सरळ नकार दिला. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी दारं बनवणारं वर्कशॉप होतं, तिथं वेल्डिंगला लागले. अख्खी गल्ली त्यांना फौजी म्हणायची. लेकीच्या वेण्या तेच घालायचे, आणि इतक्या आवळून की तिच्या भुवया वर चढायच्या.

"बाबा, दुखतंय!"

"नट ढिला राहिला तर पूल पडतो," ते म्हणायचे आणि आणखी एक पीळ द्यायचे.

लेकीनं लग्नानंतर शेजारच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग आईला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. एक शब्द तेवढा उरला, 'जा'.

तहान लागली की जा. पाठ दुखली की जा. बाबा घास भरवायला बसले की त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत जा, जा.

"त्याला अर्थ नाही," डॉक्टरांनी समजावलं. "बोलायला गेलं की तेवढंच तोंडात येतं."

"कळलं, साहेब."

बाहेर आल्यावर ते लेकीला म्हणाले, "सुट्टी संपली की मी निघायचो. तिनं एकदाही जा म्हटलं नाही गं."

"बाबा, आत्ताच डॉक्टर काय म्हणाले?"

"ऐकलंय. बहिरा नाही झालो अजून."

लेकीनं कामाला बाई ठेवू म्हटलं, तर ते अंगावरच आले. काम सोडून घरीच बसले. आईला उठवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं एकटे करायचे, आणि दिवसभर तो एक शब्द ऐकायचे.

एका सकाळी न्हाऊ घातल्यावर तिला खुर्चीतून उचलताना त्यांचा पाय सटकला. खुबा मोडला. ती खुर्चीत ओलीचिंब, ते फरशीवर. त्यांच्या घशातून आवाज फुटेना. मग तिनंच हाका मारल्या, तिच्यापाशी होता त्या शब्दानं, घसा बसेपर्यंत.

भिंतीपलीकडच्या काकूंना ते ऐकू गेलं होतं. "रोजचंच वाटलं गं," त्या नंतर रडत सांगत होत्या. "मी टीव्हीचा आवाज वाढवला."

संध्याकाळी लेक कामावरून आली तेव्हा दोघंही गारठली होती.

दवाखान्यात बाबांच्या छातीत कफ धरला. ताप चढत गेला. आदल्या दिवशी विचारत होते, "तिचे केस पुसलेस ना?" शेवटच्या दुपारी शांतपणे म्हणाले, "दिवसभर जा, जा म्हणत होती. आता एकदा ऐकायला हवं तिचं."

"बाबा, ती मदतीला हाका मारत होती! तुमच्यासाठी!" लेक ओरडली. पण त्यांचे डोळे छताकडे लागले होते. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, ते तिला कधीच कळलं नाही.

लेकीनं आईला आपल्या घरी आणलं. पहिल्याच दिवशी उचलताना तिच्या कमरेत चमक भरली. आई एवढी जड आहे, हे बाबांनी कधी जाणवूच दिलं नव्हतं. महिनाभरात लेक पार पिचून गेली. एकदा भरवताना आई म्हणाली, "जा." लेकीनं हातातला चमचा टाकला आणि फाडकन तिच्या थोबाडीत दिली.

आई गप्प झाली. थोड्या वेळानं तिनं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

पुढच्याच आठवड्यात लेकीनं तिला म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेत ठेवलं. महिन्यानं भेटायला गेली, तेव्हा तिथली बाई कौतुकानं म्हणाली, "गुणी आहेत हो तुमच्या आई. काहीच त्रास नाही. चकार शब्द काढत नाहीत."

लेकीनं मान हलवली आणि आणलेले धुतलेले कपडे आईच्या कपाटात लावू लागली.