आबांची शेव

शनिशिंगणापुरात रुईच्या माळा विकणाऱ्या आमच्या आबांना चारच्या चहाबरोबर शेव लागायची. शेव खाणारे घरात ते एकटेच. चैत्रात तपासणी झाली, तेव्हा रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल फार वाढलेलं निघालं.

"पन मला त्रास तर कायच न्हाई," आबा म्हणाले.

"तो आधी जाणवत नाही, म्हणून तर तपासायचं," डॉक्टर म्हणाले. रोज एक गोळी, चालणं आणि तळलेलं बंद.

घरी आत्या आईला म्हणाली, "वयनी, डबा कुलपात टाक. आबा ऐकायचे न्हाईत."

आई हसली. आमच्या चौकटीलाच दार नाही, मग डब्याला कुलूप कसलं? तिने डबा नेहमीच्या फळीवर ठेवला. "आबा, आता राखण तुमचीच."

आबा नुसते "हं" म्हणाले. पण त्या दिवसापासून चहा झाला की ते चप्पल घालून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाऊ लागले.

तीन महिन्यांनी रिपोर्ट बरा आला. गोळी मात्र चालूच ठेवायची होती. त्या दिवशी पाहुण्यांसाठी आईने डबा उघडला, तर शेव खवट झालेली. तिचे डोळे भरून आले.

"रडती कशाला, पोरी?" आबा म्हणाले. "ताजी आनून ठेव. हाय की मी राखायला."