खुर्चीवरची नळी

बालाघाटला आमच्या घरी बाबांसाठी ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलं. लालबर्रा रोडवर आयुष्यभर खाजगी बस चालवलेला माणूस. बिडीनं छाती पोकळ केली होती. नळीची दोन टोकं नाकपुड्यांत, उरलेली कानांमागून वळवलेली, आणि मशीनच्या बाटलीत दिवसभर बुडबुडे.

एका दुपारी मी खोलीत गेले तर बाबांनी नळी काढून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे धरली होती. त्यांचे ओठ निळे पडले होते.

“बाबा, काहून काढली?”

“त्याले दम लागून राह्यला. घेऊ दे थोडी.”

मी घाबरून नळी परत लावली. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की असे भास होतात. पण रोज दुपारी तेच.

शेवटी आईनं सांगितलं. बाबांच्या बसवर लामता गावचा एक कंडक्टर होता, दमेकरी. एकदा चालत्या गाडीतच त्याला दम लागला. “सवारी नको सोडू,” असं तोच म्हणाला, म्हणून बाबा प्रवासी घेत प्रत्येक थांब्यावर थांबत आले. दवाखान्यात पोचेपर्यंत तो संपला होता. हे मला घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईनं एक नवी नळी विकत आणली आणि कशालाही न जोडता खुर्चीच्या पाठीवर अडकवली.

“ही त्याची,” ती बाबांना म्हणाली. “तुमची नका काढू आता.”

“हौ,” बाबा म्हणाले. आणि खरंच, पुन्हा काढली नाही.

आठवड्यानं खुर्ची पुसताना ती नळी माझ्या हाताला लागली. आत बारीक थेंब जमले होते, बाबांच्या नळीत जमायचे तसेच. मे महिना, बाहेर कोरडी, गरम लू चाललेली. मी आईला दाखवलं.

“ठेव तिथंच,” ती म्हणाली. “हात नको लावू.”

बाबा जूनमध्ये गेले, सकाळी, चहा व्हायच्या आधी. तेरवी झाल्यावर आई मला घेऊन लामत्याला गेली. कंडक्टरच्या म्हाताऱ्या बायकोला तिनं त्या दिवशीचा एकेक थांबा सांगितला, माफी मागितली. नळीचं मात्र काहीच बोलली नाही.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

“इतकी वर्षं दुपारी छपरीत त्याचा दम ऐकू ये मले,” ती म्हणाली. “या मे महिन्यापासून नाही येत.”

मग तिनं आम्हाला चहा विचारला. आईचा हात माझ्या मनगटावर होता. तिनं ते किती घट्ट धरलंय, हे तिला कळत नव्हतं.