साठ गुणिले हजार

कोणी शंका काढली, की आमचे साहेब चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "आकडा तो आकडा. शहापुरात साठ, तर मुरबाडातही साठच." मग चष्मा आपोआप नाकावर यायचा, आणि तोवर शंका संपलेली असायची. असा एक साहेब तुमच्याही वाट्याला आला असेल.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना होता. गावोगावच्या पाण्याच्या पंपांसाठी आपोआप चालणारी पॅनेलं आम्ही बनवायचो. नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. पॅनेलमधल्या चिपचा प्रोग्राम साहेब लिहायचे, मी त्यांच्या हाताखाली. मला नोकरी त्यांनीच लावली होती. डबा विसरलो, तर अर्धी भाकरीही तेच द्यायचे.

गेलेली वीज परत आली, की व्होल्टेज स्थिर होईपर्यंत पंपाने एक मिनिट थांबायचं, हा आमच्या पॅनेलचा मोठा गुण. चिप सेकंदाचे हजार भाग करून मोजते, म्हणून साहेब ऐटीत लिहायचे: साठ गुणिले हजार. ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर उत्तर अगदी बरोबर यायचं. पण चिपमध्ये साध्या आकड्याला मिळणारा खण लहान. बत्तीस हजारांच्या थोडं वर गेलं, की तो उलटतो. साठ हजारांचे होतात उणे पाच हजार पाचशे छत्तीस. म्हणजे वीज येण्याच्या साडेपाच सेकंद आधीच पंप सुरू व्हायला हवा होता, अशी चिपची प्रामाणिक समजूत. उपाय एका अक्षराचा. साठच्या पुढे इंग्रजी एल लिहायचा, की कुठल्याही चिपवर मोठा खण मिळतो.

पहिल्याच महिन्यात मी हे सांगायला गेलो. चष्मा वर गेला. पुन्हा कधी सांगितलं नाही. त्यांचा प्रोग्राम माझ्या कॉम्प्युटरवर घ्यायचा, गुपचूप एल घालायचा आणि मग तो चिपमध्ये भरायचा, हा माझा नेम झाला. आमच्यात मोठ्यांची चूक दाखवणं म्हणजे उद्धटपणा, झाकणं म्हणजे संस्कार.

पॅनेलं उत्तम चालली. मालकांनी साहेबांचा सत्कार केला, शाल मीच आणली. साहेब वर्षागणिक जास्त ठाम होत गेले. एखादा नवा पोरगा एल लिहिताना दिसला, की विचारायचे, "आकड्याला शेपूट कशाला? माकड आहे का तो?" सगळे हसायचे. मीही.

एवढा आत्मविश्वास आल्यावर माणूस नोकरीत कसा टिकेल? दोन हजार सालानंतर साहेबांनी राजीनामा दिला आणि शहापुरात स्वतःचं वर्कशॉप टाकलं. मालकांच्या परवानगीने आपला प्रोग्राम फ्लॉपीवर घेतला. त्यांच्या कॉम्प्युटरवरचा, एल नसलेला. मला हे ठाऊक होतं. मी त्यांना हार घातला.

त्यांचं पहिलं पॅनेल डोळखांबकडच्या एका पाड्यावर बसलं. मलाही बोलावणं होतं. सरपंचांनी नारळ फोडला आणि रीतीप्रमाणे वीज गेली. ती परत आली मरतुकडी, पण पंपाने लगेच उडी घेतली. मोटार घुं घुं करत जळाली. सरपंच शांतपणे म्हणाले, "साहेब, मिनिटभर थांबंल म्हनलं व्हतं ना तुमी? यानं तं दम पण नाय घेतला." नळाशी जमलेल्या बायका रिकामे हंडे घेऊन विहिरीकडे वळल्या.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"खरं सांग. तुमच्याकडे माझाच प्रोग्राम चालतो ना? जसाच्या तसा?"

"हो साहेब. जसाच्या तसा."

त्यांचा चेहरा केवढा उजळला. म्हणजे चिपच खराब. त्यांनी नव्या चिपा मागवल्या, दुसऱ्या गावची मोटार जाळली, पुन्हा मागवल्या. तिसऱ्या गावाने त्यांना वेशीवरूनच परत पाठवलं. वर्कशॉपला कुलूप लागलं.

साहेब गेल्याचं मला उशिरा कळलं. शहापूरला भेटायला गेलो, तर वहिनींनी चहा दिला आणि चिपांनी भरलेला एक खोका पुढे ठेवला. भंगारात घालू का, म्हणाल्या. हे शेवटपर्यंत या चिपांना शिव्या देत होते, असंही सांगितलं.

"वहिनी, चिपा चांगल्या आहेत."

"मग त्यांनी शिव्या द्यायच्या कोणाला?"

"मला," म्हणालो, आणि पहिल्या एलपासून सगळं सांगून टाकलं.

माझा चहा निवला होता. कप उचलून तो परत गरम करायला वहिनी आत गेल्या.