मांडीवरचं सूप

सोलापुरातल्या आमच्या वस्तीच्या संस्थेची मी सेक्रेटरी. विडी वळणाऱ्या बायकांना आम्ही दर बैठकीला बोलवायचो, त्या यायच्या नाहीत आणि मी इतिवृत्तात बिनदिक्कत लिहायचे, 'प्रतिसाद नाही.'

त्या दिवशी मात्र एक जण आली! साठीची, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारी. अध्यक्षांनी पुढे केलेली खुर्ची सोडून ती भिंतीला टेकून खाली बसली, पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेतलं आणि विड्या वळायला लागली. नजर बोटांवर नव्हतीच, आमच्यावर होती.

"बाई, ते जरा बाजूला ठेवता का?" अध्यक्ष म्हणाले.

"बोलवता लई प्रेमानं, साहेब. पण हात घरी ठिवून कसं यायचं?"

मला टाळीच वाजवावीशी वाटली. विड्या थांबल्या की मजुरी थांबते, इतकी साधी गोष्ट!

पुढच्या बैठकीला मी खुर्च्या काढून सतरंज्या घातल्या. ती अख्खी गल्ली घेऊन आली. प्रत्येकीच्या मांडीवर सूप. पाळणाघराचा ठराव आला. अध्यक्ष सवयीनं म्हणाले, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

ती हसली. "हात कामात हायत. तोंड मोकळं हाय की!"

आणि सगळ्या एकदम ओरडल्या, "मंजूर!" रस्त्यावरचे लोक खिडकीशी आले.

तिचं नाव मला अजून ठाऊक नाही; सगळ्या तिला अक्काच म्हणतात. त्या संध्याकाळी मी इतिवृत्ताची जुनी पानं उलटली आणि प्रत्येक 'प्रतिसाद नाही'शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'आम्ही नीट बोलावलं नव्हतं.'